थोरलीच्या आडाचं पाणी

दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या, भांडी, अंगण, कपडे धुण्याचा दगडसुद्धा सुरळीत वाटला गेला. वांधा आला तो पाण्याचा.

अंगणात एक जुना आड होता. अरुंद, विटांचा, कठड्यावर शेवाळ आणि वर कुरकुरणारा रहाट. आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी नवा हापसा होता. दांडा दोनदा खालीवर केला की काचेसारखं पाणी. धाकट्या भावाच्या बायकोने, धाकटीने, सरळ सांगितलं, हापसा आम्हाला. आपण दिवसभर शिवणाच्या मशीनवर पाय मारतो, दोर ओढायला अंगात जीव राहत नाही, असं कारण तिने दिलं. खरं कारण एवढंच होतं की हापसा नवा होता आणि तो थोरलीलाही हवा होता. थोरला भाऊ भांडण टाळण्यासाठी अंगातला सदरा काढून देणारा माणूस. त्याने हापसा देऊन टाकला. त्याची बायको, म्हणजे थोरली, तेव्हा फारसं बोलली नाही. पुढे कित्येक वर्षं ती त्या आडावर दोर ओढत राहिली, नवरा गेला तरी ओढत राहिली, आणि ओढताना मधल्या बुटक्या भिंतीवरून हापशाकडे बघत राहिली. दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात, असं गल्लीत गमतीने म्हटलं जाई.

धाकटी शाळेचे गणवेश शिवायची. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं कात्री. मापात एक सूत इकडेतिकडे चालायचं नाही आणि बोलण्यात कुणाचं एक अक्षर खपवून घ्यायची नाही. नवरा सुतार. तो रंधा मारता मारता शीळ घालायचा, ती मशीन चालवता चालवता त्याला गप्प बस म्हणायची. असं त्यांचं बरं चाललं होतं. मूल नव्हतं. म्हणजे दिवस जायचे, पण टिकायचे नाहीत. दर वेळी थोरली भिंतीपलीकडून कुणाला तरी ऐकवायची की काही काही घरांत मशीनलाच तेल घालत बसावं लागतं. धाकटीचा जबाब तयार असे, तो ती देईही, आणि मग घरात येऊन जोरजोरात मशीन चालवी.

पाणी तपासणारी माणसं गल्लीत पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना हाकलणाऱ्यांत धाकटी सगळ्यांच्या पुढे होती. फुकट तपासून देतो म्हणाले, तरी कुणी दार उघडेना. किराणावाला म्हणाला, खराब निघालं तर माझं घर कोण विकत घेणार? एका बाईच्या मुलीला बघायला लोक येत होते, तिने तपासणाऱ्यांना हात जोडून सांगितलं, वर्षभराने या. निवृत्त मास्तर म्हणाले, आजवर हेच पाणी पिऊन मी पेन्शनीला पोचलो, आता परीक्षा कसली घेता? धाकटीने हापशाखाली पेला धरला, उन्हात उंच केला आणि विचारलं, यात तुम्हाला काय दिसतंय? तपासणाऱ्या पोरीने सांगून पाहिलं की जे वाईट असतं ते दिसत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. धाकटी म्हणाली, मग ते नाहीच.

सुताराच्या हाताला घट्टे असणारच. म्हणून तळहातावर बारीक टणक गाठी आल्या, कातडीवर काळपट ठिपके आले, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. त्यालाही नाही. मग एक गाठ फुटली आणि बरी होईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने हात पाहिले, मग चपला काढायला लावल्या. तळपायांवरही तसंच.

"पायाने रंधा मारतोस का?" डॉक्टरने विचारलं.

सुतार हसला. डॉक्टर हसला नाही. त्याने विचारलं, पाणी कुठलं पिता?

पूर्वी हाकलून दिलेल्या त्या पोरीला बोलवायला धाकटी स्वतः पाणी तपासणीच्या कचेरीत गेली. त्या पोरीला सगळे पाणीताई म्हणत. तिने हापशाच्या ओट्यावर पेटी उघडली, बाटलीत पाणी घेतलं, पुड्या टाकल्या, झाकणाखाली कागदाची पट्टी लावली आणि सगळे वाट बघत उभे राहिले. पट्टी पांढरी होती. मग पिवळी झाली, आणि पिवळेपणावरही न थांबता जुन्या चामड्याच्या रंगाची झाली. पाणीताई म्हणाली, आर्सेनिक आहे, आणि पुष्कळ आहे. ते काय असतं हे कुणालाच उमगेना, तेव्हा किराणावाल्याने समजावलं, सोमल म्हणतात ना, तेच हे. उंदीर मारायला आणायचे ते.

माणसं पांगल्यावर धाकटीने पाणीताईला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, याने दिवस गेलेले राहत नाहीत, असं होतं का? पाणीताई बाटली धूत होती. तिने मान वर केली नाही. "होऊ शकतं," म्हणाली. "तुमचं त्यानेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही." हापसा आपण हट्टाने मागून घेतला होता, हे धाकटीच्या मनात तेव्हाच येऊन बसलं आणि मग उठलंच नाही.

हापशाच्या तोंडाला लाल रंग लागला. भिंतीपलीकडून थोरली सगळं बघत होती. तपासणीला तिचाही नकारच असायचा, पण त्या दिवशी तिने पाणीताईला हाक मारून आत बोलावलं. आडाच्या पाण्यातली पट्टी पांढरी राहिली, पांढरी ती पांढरीच. जुन्या उथळ आडांत बहुधा हे विष नसतं, खोल थरातल्या पाण्यात असतं, असं पाणीताईने सांगितलं. कठड्यावर हिरवा पट्टा ओढला गेला. त्या दुपारी थोरलीने रहाटाला तेल घातलं.

मग सगळ्या गल्लीने तपासून घेतलं. अर्धी गल्ली लाल झाली. मुलीचं लग्न जमवणाऱ्या बाईने हापशापुढे फुलझाडाची कुंडी ठेवली. मास्तर पाणी उकळून पिऊ लागले. उकळल्याने हे विष जात नाही असं पाणीताईने दोनदा सांगितलं, पण मास्तरांनी त्यासाठी मोठं पातेलं आणलं होतं, ते वाया कसं घालवायचं? दोन घरं मात्र शहाणी निघाली, ती थोरलीच्या आडावर पाणी भरू लागली. त्यांना ती हसून भरू द्यायची.

धाकटी कळशी घेऊन गेली तेव्हा थोरली कठड्यावर बसली होती. तिने कळशीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"मागून घेतला होतास ना हापसा? मग पी की."

धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि ही गल्लीला नवी गोष्ट होती. तिला नुसतं उभं ठेवून थोरलीने आपली भांडी घासली, अंगण झाडलं, आणि मग म्हणाली, ने.

तेव्हापासून रीत ठरली. आधी इतरांचं भरून व्हायचं. मग धाकटीने थोरलीच्या घरचं सगळं पाणी ओढायचं आणि उरल्या ताकदीत आपली कळशी भरायची. थोरलीची फाटकी चादर, उसवलेली उशी, पडद्याची पट्टी, सगळं त्या कळशीच्या पाठोपाठ धाकटीच्या मशीनवर येऊ लागलं. थोरलीला गोष्टी सांगायची हौस होती. धाकटीला त्या ऐकून हसावं लागे. एक गोष्ट धाकट्या जावेच्या हावरेपणाची असे. तीही ऐकून ती हसे. घरी सुताराला काही सांगत नसे. तो आडाचं पाणी पिऊन म्हणे, वहिनीचं मन मोठं आहे.

त्याचा हात बरा होत नव्हता. जखम पसरली, बोटं काढावी लागली, मग मनगट. रंधा भिंतीला टांगला गेला. अशा दिवसांत धाकटी एकदा किराणावाल्याच्या दुकानात बोलून गेली की आपण पाणी नाही आणत, भीक आणतो. गल्लीत कुणाच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या फाटकाला कुलूप होतं.

धाकटीने हाका मारल्या. आतून भांड्यांचे आवाज येत होते. तिने माफी मागितली, भिंतीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. भांड्यांचे आवाज थांबले आणि पुन्हा सुरू झाले. शाळेच्या नळाचं पाणी चांगलं होतं, पण बाहेरच्यांना तिथे भरू देत नसत, आणि आता तर शाळेला सुट्टी होती. जी दोन घरं आडावरून भरत होती त्यांच्याकडे ती गेली. पहिल्या घरची बाई म्हणाली, अगं, तिला कळलं तर आमचंही बंद करेल. दुसऱ्या घरच्यांनी पडदा ओढून घेतला.

सुतार तेव्हा शेवटच्या दुखण्यात होता. ताप, घसा कोरडा, सारखं पाणी मागायचा. तिने हापसा हापसला आणि पेला त्याच्या ओठांना लावला.

"कुठलं आहे?" त्याने विचारलं.

"आडाचं," ती म्हणाली.

तो निश्चिंत होऊन प्यायला. त्या पाण्याने तो गेला असं नाही. जायचा तो जाणारच होता, डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. पण शेवटचे सगळे दिवस तिने त्याला स्वतःच्या हाताने लाल रंग लावलेल्या हापशाचं पाणी पाजलं, आणि तो वहिनीचं नाव घेत प्यायला.

तो गेला त्या दिवशी थोरलीने कुलूप काढलं. ती आली, खरोखर रडली, धाकटीला जवळ घेतलं. आपल्या हाताने भरलेली कळशी आणून दारात ठेवली आणि म्हणाली, आता हवं तितकं ने गं, तुझ्या एकटीला कितीसं लागणार. बाकीचं सगळं कदाचित धाकटीने कधीतरी सोडून दिलं असतं. ते वाक्य तिने सोडलं नाही.

त्या उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं. थोरलीचा मुलगा परगावी नोकरीला होता, तो सुट्टी काढून आला आणि आडाच्या तळातच त्याने बोअर मारून घेतलं, वर मोटर बसवली. बटण दाबलं की भसाभस पाणी. रहाट काढून कोपऱ्यात टाकला. थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला बटण दाबून दाखवायची. पुन्हा तपासावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कठड्यावर हिरवा पट्टा होताच.

पावसाळा सरता सरता धाकटीच्या लक्षात आलं की कळशीत आतून तांबूस थर धरतोय. हापशाच्या पाण्याने धरायचा तसाच. तिने बाटलीभर पाणी घेतलं आणि पाणीताईकडे नेलं. कुठलं आहे विचारल्यावर म्हणाली, माझ्याच हापशाचं. आपण खोटं का बोललो हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पट्टी पिवळी झाली, मग चामड्याच्या रंगाची. पाणीताई म्हणाली, तुमचा हापसा तर लाल आहेच, पुन्हा कशाला तपासलंत? धाकटी म्हणाली, उगाच, मनाची खात्री.

वाटेत तिने ठरवलं होतं की सांगायचं. तशीच ती फाटकाशी गेली. थोरली पाणी पीत होती. पेला खाली ठेवून म्हणाली, उशीर केलास आज, उरलंसुरलं ने. धाकटीने कळशी भरली, घरी आली आणि मोरीत ओतून दिली.

उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोरलीने पडद्याची पट्टी पुन्हा उसवून परत दिली, टीप वाकडी आहे म्हणून. मग धाकटीने उद्याचं नाव काढणं सोडून दिलं.

स्वतःसाठी ती शाळेच्या नळावरून पाणी आणू लागली, गणवेशाच्या पिशव्यांत कॅन लपवून. आडावर मात्र रोज जायची. जाणं थांबवलं तर थोरलीला संशय आला असता. आता उभं राहणं, ऐकून घेणं, हसणं, यातलं काहीच जड जाईना. हावरेपणाची गोष्ट आली की आता तिला मनापासून हसू फुटे. थोरली तहानलेली होऊन घटाघट पाणी प्यायची तेव्हा धाकटी तिच्या गळ्याकडे बघत राही. ती दोन घरंही तेच पाणी नेत होती. त्यांचा विचार धाकटीने केला, केला नाही असं नाही. पडदा ओढला गेला होता तेवढं तिला आठवलं, आणि विचार तिथेच संपला.

हिवाळ्यात थोरलीच्या मुलाची नोकरी सुटली आणि तो बायकोला आणि लेकीला घेऊन कायमचा घरी आला. लेक शाळेच्या वयाला अजून आली नव्हती. एका जागी पाय ठरेना म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. बुटकी भिंत एका ठिकाणी ढासळली होती, तिथून भिंगरी पहिल्याच दिवशी धाकटीच्या खोलीत आली आणि मशीनखाली जाऊन बसली. चिंध्या, बटणं, रिकामी रिळं, तिला खजिनाच सापडला. ती धाकटीला मशीनआजी म्हणू लागली. धाकटीशी आजवर कुणी असं बोललं नव्हतं. पोर तिला विचारायची, तू काल कुठे होतीस, जणू ती नसली तर दिवस अडतो.

पहिल्यांदा भिंगरीने पाणी मागितलं तेव्हा धाकटीने कॅनमधलं दिलं. मग तिला आठवलं की पोर घरी गेल्यावर कुठलं पिते. त्या संध्याकाळी तिचं शिवण दोनदा उसवावं लागलं.

सांगून टाकणं सोपं होतं. पण सांगायचं तर कधीपासून माहीत आहे तेही आलं. म्हणून तिने दुसरी वाट काढली. तिने भिंगरीला शिकवलं: तहान लागली की इकडे यायचं हं, मशीनआजीचं पाणी गोड असतं. त्यात ती चिमूटभर साखर घालायची. पोर पळत यायची, पेला रिकामा करायची, पळत जायची. धाकटीने शाळेतून आणखी एक कॅन आणायला सुरुवात केली. आपण काहीतरी सावरतोय असं तिला वाटत होतं. घरातली बाकी माणसं आणि भिंगरी यांच्यामध्ये तिने मनात एक रेघ ओढली होती, आणि रेघेच्या पलीकडे कोण कोण उभं आहे ते ती मोजत नव्हती. भिंगरीची आई गरीब स्वभावाची. भिंतीवरून हसायची, शिवायला दिलेलं नेताना आभार मानायची. तीही पलीकडेच होती.

पोरांच्या पोटात गुपित किती टिकणार? एका जेवणाला भिंगरी घरचं पाणी पिईना. मशीनआजीचंच हवं, गोड असतं, म्हणून हटून बसली. थोरलीने आधी पेल्यातलं जबरदस्तीने पाजलं, मग भिंतीशी येऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. स्वतःला झालं नाही म्हणून दुसऱ्याचं पोर नादी लावतेय, पाण्यात काय घालते देव जाणे. मुलाकडून तिने ढासळलेली जागा विटांनी बुजवून घेतली.

विटांपलीकडून भिंगरीचा आवाज येत होता. ती पाणी मागत नव्हती, नुसती खेळत होती. दुपारपर्यंत धाकटीने तो ऐकला आणि मग कळशी न घेता फाटकाशी गेली.

थोरली दारात तांदूळ निवडत बसली होती. सून भिंगरीचे केस विंचरत होती. धाकटी म्हणाली, आडाचं पाणी खराब झालंय जाऊबाई, पोरीला देऊ नका.

थोरलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपला हापसा नासला म्हणून आता आमचा आडही नासला काय, असं म्हणून ती सुनेकडे बघून हसली. धाकटीने बोअरचं सांगितलं, तांबूस थराचं सांगितलं. थोरलीने हिरव्या पट्ट्याकडे बोट केलं. मग तिला एक गोष्ट सुचली आणि ती थांबून म्हणाली, "एवढं खराब आहे तर तू रोज कशाला नेतेस?"

यावर खरं एकच उत्तर होतं. ते दिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, हेही धाकटीला दिसत होतं.

"मोरीत ओतते," ती म्हणाली.

थोरलीचा हात तांदळात थांबला. "कधीपासून?"

"पावसाळा सरला तेव्हापासून. तपासून आणलं होतं."

मग सुनेने हातातला कंगवा खाली ठेवला. ती उठून उभी राहिली आणि तिचा हात पोटावर गेला, आपोआप, जसा जातो. धाकटीने तो हात पाहिला. थंडीतले ढगळ कपडे, सावकाश चालणं, हे सगळं तिने शिवणाऱ्या बाईच्या नजरेने रोज पाहिलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. किंवा तिने कळून घेतलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या पोरीला वेगळं पाणी दिलंत," सून म्हणाली, "आणि मला सांगितलं नाहीत."

थोरली आत गेली आणि माठातून तांब्या भरून घेऊन आली. तिने ओरडाआरडा केला नाही. तांब्या पुढे धरला.

"पी."

धाकटी प्यायली. सगळा तांब्या संपवला. थोरली आत जाऊन पुन्हा भरून घेऊन आली. धाकटी तोही प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून कपड्यांत गेलं. तिसऱ्या तांब्याला तिला उमासा आला, तरी तिने तोंड बाजूला केलं नाही. भिंगरीला वाटलं हा खेळ आहे. तिने टाळ्या वाजवल्या आणि मला पण, मला पण म्हणत तांब्याला हात घातला. तिच्या आईने तिला इतक्या जोरात मागे ओढलं की पोर दगडावर आपटली आणि किंचाळली. त्या किंचाळण्यानेच तो प्रकार थांबला.

सून त्याच दिवशी भिंगरीला घेऊन आईवडिलांकडे निघून गेली. पुढे नवराही तिच्या मागे गेला. आईने मारून घ्यायला लावलेलं बोअर आणि आईने पाजलेलं पाणी, असं तो जाता जाता म्हणाला. बोअर त्याने स्वतः मारलं होतं, पण रागात माणूस कुठे हिशेब ठेवतो? पाणीताई आली, पट्टी लावली, हिरव्यावर लाल ओढून गेली. निघताना ती धाकटीच्या दारात थांबली. पोरीने थोडेच दिवस प्यायलं, तिच्या अंगातून ते जाईल, असं म्हणाली. पोटातल्याबद्दल तिने काही म्हटलं नाही. आपल्याच हापशाचं आहे असं का सांगितलंत, हे मात्र विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

ती दोन घरं धाकटीच्या दाराशी येऊन बोलायचं ते बोलून गेली. तुम्ही पडदा ओढला होतात, असं तिने म्हणून पाहिलं. पण ते बोलताना तिचं तिलाच ते फार लहान वाटलं. शाळेने गणवेश दुसऱ्या बाईला दिले. गल्लीत तिला आता कुणी कात्री म्हणत नाही. कुणी काहीच म्हणत नाही. मास्तर तेवढे वाटेत भेटले की मान हलवतात, पण त्यांना कुणीही भेटलं तरी ते मान हलवतात.

पुढे शाळेच्या कुंपणाबाहेर सगळ्यांसाठी नळ काढून मिळाला. तिथे सकाळी रांग लागते. थोरलीही येते. ती आता एकटीच राहते, कॅन जड जातो म्हणून अर्धाच भरते. धाकटी रांगेत तिच्या मागे उभी राहते. तशी ती मुद्दाम उभी राहते. सुरुवातीला तिने बरेच दिवस धीर धरला. मग एका सकाळी हळूच विचारलं, भिंगरी कशी आहे? आणि सूनबाईचं काय झालं, सुटली का नीट?

दिवस केव्हाच भरून गेले असणार. जे व्हायचं ते होऊन गेलं असणार. थोरलीला ते माहीत आहे, कारण किराणावाल्याच्या दुकानातल्या फोनवर तिला मुलाचे फोन येतात.

थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. कॅन अर्धा भरला तसा नळ बंद केला, झाकण घट्ट फिरवलं आणि ती चालायला लागली. तिने दुकानदारालाही बजावून ठेवलंय, हे धाकटीला नंतर कळलं. ती समोरून येताना दिसली की तो तराजू पुसायला घेतो.

तरी धाकटी विचारते. रोज नाही, पण ज्या सकाळी राहवत नाही त्या सकाळी विचारते. त्याच शब्दांत, तेवढ्याच आवाजात. थोरली कॅनच्या तोंडाकडे बघत राहते, पाणी चढताना, आणि मागची बाई म्हणते, चला हो, आटपा लवकर.